मागच्या यार्डातले निरोप

आमच्या कंपनीत बिल्ले आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, हजेरीचा काहीतरी नवा प्रकार असेल. काडेपेटीएवढी पांढरी डबी, मधोमध लाल बटण, कडेला बारीक हिरवा दिवा आणि गळ्यात अडकवायला निळी दोरी. गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढणारा आमचा कारखाना चाकणला आहे. तिथे मी विजेच्या मेंटेनन्सला. शिफ्टला आत जाताना मोबाइल गेटवर जमा करावा लागतो, आणि केला नाही तरी फरक पडत नाही, कारण पत्र्याच्या शेडमध्ये रेंजच येत नाही. कुणाला लागलं, कुठे धूर दिसला, तर धावत जाऊन सांगायचं. प्रेस चालू असताना ओरडलेलं शेजारच्या माणसालाही ऐकू जात नाही. म्हणून हे बिल्ले. अडचणीत लाल बटण दाबायचं, की गेटवरच्या कॉम्प्युटरवर तुमचा नंबर लाल होऊन झळकणार.

ते सुरू करून द्यायला हिंजवडीहून एक तरुण इंजिनीयर आला. मी वायरिंगची माणूस, त्यामुळे माझा पहिला प्रश्न साधा होता.

"याचा टॉवर कुठे लावणार?"

"टॉवर नाहीये मॅडम."

"मग वायर कुठून ओढायची?"

"वायरही नाही. गेटवर ही एक पेटी, तेवढीच कॉम्प्युटरला जोडलेली. बाकी बिल्ले आपसात बोलतात. एकाचा निरोप जवळचा दुसरा ऐकतो, तो पुढच्याला देतो, असं करत करत गेटपर्यंत."

"आणि मधला माणूस उठून जेवायला गेला तर?"

"तर दुसरा कोणीतरी जवळ असेल, त्याच्याकडून जाईल. रस्ता आधी ठरलेला नसतो. दर वेळी नव्याने शोधला जातो."

हे ऐकून मी त्याच्याकडे बघतच राहिले. आकुर्डीला डिप्लोमा केल्यापासून माझं सगळं आयुष्य ड्रॉइंगवर बोट ठेवून वायर कुठून कुठे गेली हे शोधण्यात गेलं होतं. वायर भिंतीत गाडलेली असली तरी ती काल होती तिथेच आज असते. इथे कोणी चहाला उठलं की अख्खं ड्रॉइंग बदलणार होतं.

तीन दिवसांनी इंजिनीयर गेला. बिल्ल्यांची देखभाल माझ्याकडे आली, कारण सगळ्यात जास्त प्रश्न मीच विचारले होते.

प्रत्येक बिल्ला दर पाच मिनिटांनी "मी आहे" असा एक निरोप पाठवतो. तो कोणत्या नंबरांच्या हातून गेटवर आला, हेही कॉम्प्युटर लिहून ठेवतो. सुरुवातीचे दिवस मी जेवणाच्या सुट्टीत ती यादीच वाचत बसायचे. प्रेस शॉपमधला निरोप कधी क्रेनवाल्याकडून यायचा, कधी फोर्कलिफ्टवाल्याकडून, आणि वेल्डिंगची माणसं जेवायला गेली की भलताच वळसा घालून पेंट शॉपमधून. बघायला मजा यायची.

एका ठिकाणी मात्र अडलं. कंपनीच्या अगदी मागे, कॉम्प्रेसर रूमच्याही पलीकडे एक यार्ड आहे. तयार भाग ज्या लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यांतून गिऱ्हाइकाकडे जातात, ते रिकामे होऊन आले की तिथे एकावर एक रचून ठेवतात. कामाला दोनच माणसं, डबाही तिथेच बसून खाणारी. त्यांच्या बिल्ल्यांचे निरोप दर पाच मिनिटांनी येतच नव्हते. तासन्‌तास काही नाही, आणि मग एकदम ढीगभर निरोप एकाच वेळी. सकाळी साडेअकराच्या आसपास एक गठ्ठा, दुपारी चारच्या सुमारास दुसरा. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही.

मेंटेनन्समध्ये माझ्यासोबत एक वयस्क फिटर आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही. त्यांच्या वडिलांचं चिंचवडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे ज्या यंत्रात आवाज हवेतून येतो त्याची त्यांना जन्माची ओढ. मी त्यांना यादी दाखवली.

"ताई, हा लोडचा मामला असणार," ते म्हणाले. "मोठा प्रेस बंद पडत असेल त्या वेळी. चालू असताना तो हवेत एवढी खरखर सोडतो, की बारीक आवाज मरून जातो. अब्बांच्या दुकानासमोर पिठाची गिरणी होती. ती सुरू झाली की एकही स्टेशन लागायचं नाही."

मला ते पटलं. आम्ही प्रेसच्या चालू-बंदच्या वेळा काढल्या. जुळल्या नाहीत. एक दिवस तर मोठा प्रेस डाय, म्हणजे साचा, बदलायला सकाळभर बंद होता, तरी गठ्ठा साडेअकरालाच आला.

मग आम्ही चालून बघायचं ठरवलं. आमचे नेहमीचे बिल्ले खोलीत ठेवून फक्त एकमेकांशीच बोलणारी चाचणीची जोडी घेतली. चाचा एक बिल्ला गळ्यात घालून यार्डात उभे राहिले, दुसरा घेऊन मी पावलं मोजत मागे सरकत गेले. मोकळ्या जागेत नव्वद पावलांपर्यंत माझ्या बिल्ल्याचा हिरवा दिवा लागत होता, म्हणजे त्याला चाचांचा बिल्ला ऐकू येत होता. मधे पिंजऱ्यांची रांग आली की तिसाव्या पावलालाच गेला. आणि एकदा काहीही मधे नसताना अचानक विझला. बघते तर चाचा पाठ करून उभे होते.

"फिरा जरा इकडे," मी हाताने खूण केली. ते फिरले, दिवा लागला. पुन्हा फिरले, विझला. तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम हळूहळू गिरकी घेतली आणि नेमक्या कोणत्या कोनाला दिवा जातो ते मला ओरडून विचारलं. यार्डातला नांदेडकडचा माणूस पिंजरे रचायचं थांबवून आमच्याकडे बघत होता.

"काय शोधायलाव ताई?" त्याने विचारलं.

मीही लातूरची, त्यामुळे ते "शोधायलाव" कानाला बरं वाटलं. मी त्याला सांगितलं की तुमचे निरोप उशिरा का येतात ते शोधतोय.

"आमच्याकडं माणूसच कोण येतंय लवकर," तो म्हणाला.

त्याने उत्तर दिलं होतं, पण मला ते तेव्हा कळलं नाही. आम्ही उन्हातून बाजूला होऊन एका उलट्या पिंजऱ्यावर बसलो. चाचा सांगत होते की दुकानात एखाद्या रेडिओला स्टेशन लागत नसलं, की अब्बा गिऱ्हाइकालाच एरियल धरून उभं करायचे, आणि आवाज स्वच्छ यायचा. घरी नेल्यावर पुन्हा खरखर. आपल्या शरीरात सगळं पाणीच, त्याचा कधी अडथळा होतो, कधी फायदा, असं त्यांचं म्हणणं.

एवढ्यात कॉम्प्रेसर रूमच्या कोपऱ्यावरून चहाची गाडी आली. कँटीनच्या मावशी ती ढकलत आणतात. त्या चाकणजवळच्याच गावच्या, पन्नाशीच्या पुढच्या. बिल्ला गळ्यात टोचतो म्हणून त्यांनी तो गाडीच्या दांडीला बांधला होता. गाडी जवळ आली तसा त्याचा हिरवा दिवा लुकलुकू लागला, आणि इकडे नांदेडवाल्याच्या छातीवरचाही. मी घड्याळात पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं.

चहा घेतला, आणि मावशी निघाल्या तशी मीही त्यांच्या गाडीमागून चालत गेले. प्रेस शॉप, मग वेल्डिंग, प्रत्येक ठिकाणी थांबत, कप गोळा करत त्या डिस्पॅचपाशी पोचल्या तेव्हा साडेअकरा होत आले होते. तिथे दांडीवरचा दिवा पुन्हा भराभर लुकलुकला. मी गेटवर पळत गेले. यार्डाचे निरोप नुकतेच येऊन पडले होते, सगळेच्या सगळे, आणि प्रत्येकापुढे मावशींचा नंबर.

पुढे ऐकणारा कोणी नसला तर बिल्ला निरोप स्वतःपाशी ठेवून घेतो आणि कोणी भेटलं की देतो, हे इंजिनीयरने सांगितलं होतं. पण ते ठेवलेलं असं चाकांवरून येत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शिवाय इतर शेडमधून जाताना गाडीचा निरोप पुढे का सरकत नव्हता, हेही मी नंतर शोधलं. दांडी लोखंडी, वर स्टीलचा चहाचा थर्मास, त्यामुळे बिल्ल्याला एकाच बाजूचं नीट ऐकू येत होतं. डिस्पॅचच्या वळणावर ती बाजू माणसांकडे व्हायची.

मावशींना सांगितलं तर त्या थबकल्याच.

"म्या? म्या तर चहा न्हेते."

"चहा नेता आणि येताना त्यांचे निरोप आणता."

"मंग मला आधी सांगायचं न्हाई का? मी वाटंत कुठंबी बोलत बसते की. आता उशीर झाला म्हंजी माझ्यावरच यायचं."

मी म्हणाले, तुमच्यावर काही येणार नाही. तरी त्या दिवसापासून त्या परतताना रमत-गमत येईनाशा झाल्या.

चाचांनी मात्र वेगळंच विचारलं. "म्हणजे कोण कधी कुठे होतं, तेही त्या यादीत कळतं?"

"तसं नाही. निरोप कोणत्या रस्त्याने आला, एवढंच."

"रस्ता म्हणजे माणसंच ना ताई?"

 खरं तर तोपर्यंत मी या बाजूने विचारच केला नव्हता.

मला दुसरी काळजी होती. यार्डात कोणी लाल बटण दाबलं, तर तो निरोपही चहाची वाट बघत पडून राहणार. मी प्लांटच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, लिहून द्या. मी लिहून दिलं की कॉम्प्रेसर रूमच्या भिंतीवर दोन बिल्ले कायमचे टांगायला हवेत. कागद कुठल्या तरी फायलीत गेला. माझ्या कपाटात जास्तीचे बिल्ले होते. न विचारता दोन टांगले असते तर कोणी फाशी दिलं नसतं. पण प्रत्येक बिल्ला कोणाच्या तरी नावावर द्यायचा असा नियम होता, आणि भिंतीला नाव नव्हतं. मी थांबले. याचं मला अजून वाईट वाटतं.

दोन आठवड्यांनी सकाळी पॅनेल रूममध्ये काम करत असताना इंटरकॉम वाजला. गेटवरचा सिक्युरिटीवाला होता.

"मॅडम, मागच्या यार्डाचं लाल आलंय."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेअकरा. चहाची गाडी अजून कँटीनमध्येच असणार. क्षणभर वाटलं, यंत्रच काहीतरी चुकीचं दाखवतंय. पण पाय पळायला लागले होते. वाटेत चाचांना हाक मारली, त्यांनी पहार उचलली.

रचलेल्या पिंजऱ्यांपैकी वरचा एक घसरून नांदेडवाल्याच्या पायावर आला होता. घोट्यापासून खाली सगळं त्याच्याखाली. त्याचा जोडीदार त्या दिवशी रजेवर. चेहरा पांढरा पडलेला, पण शुद्धीवर होता. चाचांनी पहार घातली, मागून आलेल्या दोघांनी पिंजरा उचलला, मी त्याला काखेत धरून ओढलं.

"बटण दाबलं ताई, पण हिरवा लागंना," तो सांगत राहिला. "लई वेळ लागंना. मग लागला एकदम."

ॲम्ब्युलन्स आली. घोट्याचं हाड मोडलं होतं. पाय वाचला, उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं, असं डॉक्टर म्हणाल्याचं दुपारी कळलं. आम्ही यार्डातून निघत होतो तेव्हा मावशी गाडी घेऊन पोचल्या. कोणीच चहा घेतला नाही. त्या पिंजऱ्यापाशी नुसत्या उभ्या राहिल्या.

साहेबांनी संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मागितला होता. यादी काढली. निरोप चार नंबरांवरून आला होता. पहिला त्याचा स्वतःचा. तिसरा फोर्कलिफ्टवाला, चौथा डिस्पॅचचा माणूस, हे दोघे आपापल्या जागेवर होते. दुसरा नंबर पॅकिंग लाइनवरच्या एका बाईचा निघाला. पॅकिंग कंपनीच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथून यार्ड ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्या वेळी ती बाई कॉम्प्रेसर रूमच्या आसपास असल्याशिवाय हा रस्ता जुळत नव्हता.

रिपोर्टात मी फक्त वेळ आणि घटना लिहिली, आणि सविस्तर उद्या देते म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पावणेअकराला कॉम्प्रेसर रूमच्या मागे गेले. कुतूहलच मला घेऊन गेलं, हे मान्य करायला हवं. तिथे यंत्रांचा आवाज इतका असतो की कोणी येत नाही. भिंत आणि मोठ्या टाकीच्या मधे हातभर बोळ आहे. त्यात ती एका उलट्या क्रेटवर पाठमोरी बसली होती. खांद्यावरून ओढणी घेतलेली, मांडीवर स्टीलचा लहान डबा. माझी सावली पडली तशी ती दचकली.

"मॅडम, दहाच मिनिटं. बाथरूमला जाते सांगून आलेय."

मला दोन मुली आहेत. सांगायची गरज पडली नाही. मी पाठ फिरवून बोळाच्या तोंडाशी उभी राहिले. तिचं झाल्यावर ती बाहेर आली आणि आपणहूनच बोलली. बाळ पाच महिन्यांचं, घरी सासूकडे. ती ठेकेदाराच्या माणसांत, कामावर नाही आली तर जागा जाणार, म्हणून आठवड्यापूर्वीच परतलेली. दुपारपर्यंत छाती दगडासारखी व्हायची. बाथरूममध्ये बायका दार वाजवत राहतात, आणि तिथली घाण बघून दूध काढावंसंही वाटत नाही.

"इथे कोणी बघत नाही म्हणून," ती म्हणाली.

मी तिला कालचं सांगितलं. त्याचा निरोप तुमच्या या डबीतून गेला. तुम्ही इथे नसता तर तो अर्धा तास तसाच पडून राहिला असता. तिने गळ्यातला बिल्ला हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"मला तर काहीच कळलं नाही. वाजली पण नाही."

"वाजत नाही ती."

"मग साहेबांना कळणार, मी इथे होते ते?"

"कागद मागितलाय त्यांनी. मी तुमचा नंबर काढून देऊ शकते."

तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग म्हणाली, "नंबर काढला तर ते विचारणारच ना, मधे कोण होतं म्हणून?"

"विचारतील."

"मग मीच सांगते. तुम्ही फक्त सोबत या."

साहेबांनी कागद वाचला आणि बोट दुसऱ्या नंबरावर ठेवलं. "हा कोणाचा?"

"माझा, सर."

"पॅकिंगला ना तुम्ही? तिकडे काय करत होता?"

तिने जमिनीकडे न बघता सांगितलं, "बाळ पाच महिन्यांचं आहे. दूध काढायला जागा नाही, म्हणून तिथे जाते. रोज दोनदा."

साहेब कागदाकडेच बघत राहिले. कान लाल झाले होते त्यांचे. शेवटी त्यांनी मला विचारलं, "फर्स्ट एडची खोली रिकामीच असते ना?"

"कुलपात असते."

"किल्ली?"

"शिफ्ट सुपरवायझरकडे."

म्हणजे रोज दोनदा एका पुरुषापुढे जाऊन किल्ली मागायची. हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. किल्ली कँटीनच्या मावशींकडे द्यायचं ठरलं. पहिला आठवडा सुपरवायझर कुरकुरला, मावशींनी त्याला दाद दिली नाही. महिनाभरात कळलं, खोली आणखी दोघीजणी वापरतात. अकरा वर्षं मी त्याच कंपनीत, त्याच बाथरूममध्ये जात होते, आणि कोण कुठे आडोसा शोधतंय याचा मला पत्ता नव्हता. वायर कुठे तापतेय ते मात्र मला वासावरून कळायचं.

कॉम्प्रेसर रूमच्या भिंतीवर चाचांनी दोन बिल्ले टांगले, पावसाने भिजू नयेत म्हणून प्लास्टिकच्या डब्यात घालून. हिंजवडीच्या इंजिनीयरला फोनवर सांगितलं तर तो हसला. "म्हणजे शेवटी टॉवर उभा केलाच तुम्ही."

मी त्याला फोन केला होता त्याचं कारण वेगळं होतं. यादीतून माणूस कुठे होता ते शोधता येतं, हे एकदा वर कळल्यावर ऑफिसातून मला निरोप आला, की सगळ्यांचे महिनाभराचे रस्ते काढून द्या. चाचांचा प्रश्न मला तेव्हा नीट समजला. मी इंजिनीयरला विचारलं, हे पुसता येतं का? तो म्हणाला, सेटिंग आहे, शिफ्ट संपली की आपोआप पुसलं जाईल, कोणी मागत नाही म्हणून आम्ही चालू करत नाही. चाचा आणि कामगारांचे दोन प्रतिनिधी साहेबांकडे गेले, मीही गेले. चाचा एवढंच म्हणाले, "सर, लोकांना कळलं की यातून पाळत ठेवतात, तर ते बिल्ला लॉकरमध्ये ठेवून कामाला येतील. मग यार्डातला निरोप कोण आणणार?" त्यांचं बरोबर होतं. बिल्ला लॉकरमध्ये राहिला की मधला दुवा गेला. फक्त लाल बटणाचे निरोप ठेवायचे, बाकी शिफ्टबरोबर पुसायचं, असं ठरलं. ऑफिसमधले काहीजण माझ्याशी अजून जरा तुटकच बोलतात.

नांदेडवाला तीन महिन्यांनी परत आला. थोडा लंगडत होता. त्याला यार्डाऐवजी स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, "ताई, तो निरोप कसा गेला ते कागदावर काढून दाखवा की."

मी काढलं. यार्ड, कॉम्प्रेसर रूम, फोर्कलिफ्टची वाट, डिस्पॅच, गेट. पाच टिंबं, मधे रेघा. तो बोटाने एकेक टिंब मोजत गेला आणि दुसऱ्यावर थांबला.

"हे कोण?"

पॅकिंगची बाई पलीकडच्याच टेबलावर डबा खात होती. तिने मान वर केली. मी तिच्याकडे पाहिलं. तिने घास संपवला.

"मी होते, दादा," ती म्हणाली. "पाय कसा आहे आता?"

"बरा हाय. जिना चढताना दुखतो," तो म्हणाला. मग ती तिथे कशाला गेली होती असं काही न विचारता त्याने आपला डबा उचलला आणि तिच्या टेबलावर जाऊन बसला. बाळ केवढं झालं, रांगतं का, हे तो विचारत होता. म्हणजे त्याला बाकीचं आधीच कुणीतरी सांगितलेलं असणार.